वाणातली बिस्किटं

आमच्या घरात ओव्हन आला तो शोभाकाकूच्या रुखवतात. शोभाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, नागपूरची. रुखवतात पोरी काय मांडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मण्यांचं तोरण, लोकरीची बदकं, खारकांचे नवरा-नवरी. हिच्या रुखवताच्या मधोमध एक गोल ॲल्युमिनियमचं भांडं होतं. झाकणाच्या डोक्यावर तळहाताएवढी काच, आणि बाजूला कापड गुंडाळलेली जाड वायर. आमच्या गल्लीतून वरातीला गेलेल्या बायांनी त्याला एकेक बोट लावून पाहिलं. दमयंतामावशी म्हणजे आमच्या गल्लीची कोणी न नेमलेली न्यायाधीश. रीतीभातीचा शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "हे तं कुकर हाय वं. पण याले वायर काहाले?" काकू शालूच्या ओझ्याखाली मान खाली घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, यात केक होते." मावशीनं अशी मान हलवली की जणू ही नवरी महिनाभरही टिकायची नाही.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की छतावरून गिरडची टेकडी दिसायची. समोर बाबांचं किराण्याचं दुकान आणि मागे आम्ही. घराला गुळाचा, सरकीच्या ढेपेचा आणि घासलेटचा असा एकत्र वास होता. तो आम्हाला कधी आला नाही, पाहुण्यांना यायचा. सकाळी पितळी डब्याचं झाकण वाजलं की आई उठली, आणि दुकानाची लाकडी फळी धाडकन पडली की बाबा उठले, एवढं आमचं घड्याळ. जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. बिस्किट हा प्रकार दुकानातल्या बरणीत राहत असे आणि तो गिऱ्हाइकांसाठी असे, हे आम्हाला बोलता येण्याआधीच कळलं होतं.

पहिल्यांदा ओव्हन लावला तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. काकूनं पाटावर ओव्हन ठेवला, आत नानकटाईचे गोळे मांडले आणि बटण दाबलं. त्याबरोबर घरातला बल्ब पिवळा पडला, शेजारच्या घरातला रेडिओ घरघरला आणि तिकडून आवाज आला, "काय लावलं रे बाप्पा?" आम्ही सगळे ओव्हनभोवती गोल बसलो होतो, देवाच्या पूजेला बसतात तसे. मी काचेवर डोळा ठेवला. आत तांबूस उजेड होता, आणि त्या उजेडात ते गोळे हळूहळू पसरत होते, फुगत होते, त्यांच्या पाठीवर भेगा पडत होत्या. धूर नाही, जाळ नाही, कोणी फुंकत नाही, उलथत नाही. माझ्या अंगावर काटा आला. आईनंही पदर सावरून काचेत पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "अवं माय वं, हे तं आपोआप होऊन राह्यलं!" मोठेपणी मी मोठमोठी यंत्रं पाहिली, विमानातही बसले. पण तेवढं थक्क मला पुन्हा कशानंच केलं नाही.

काकूच्या वडिलांची नागपुरात लहानशी बेकरी होती. तिथे बंगल्यांवरून कुत्र्यांसाठी बिस्किटांची मागणी यायची, बिनमिठाची, बिनसाखरेची, कडक. काकू लहानपणापासून ती करायला शिकली होती. आमच्याकडे नानकटाईचं कौतुक संपल्यावर एके दिवशी तिनं ज्वारीचं पीठ घेतलं, त्यात थोडी कणीक, उकडलेलं कोहळं (पुणेकर त्याला लाल भोपळा म्हणतात) आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घालून घट्ट गोळा मळला. पोळी लाटली आणि पावडरच्या डब्याच्या झाकणानं गोल गोल चकत्या पाडल्या. भाजून झाल्यावर त्या ताटात टाकल्या की खणखण वाजायच्या. मी एक तोंडात टाकली. चव म्हणावी तर काहीच नाही, पण चावत राहावंसं वाटलं. "कोणासाठी वं काकू?" मी विचारलं. तिनं मागचं दार उघडलं. आमच्या मागच्या बोळात गल्लीतली कुत्री उन्हाला पडलेली असायची. तिनं एकेकाला नावानं हाक मारली. नावंही तिनंच ठेवली होती, भुऱ्या, टिप्या, लंगडा, काळी, अशी डझनभर. इतकी वर्षं ती कुत्री तिथे होती आणि त्यांना नावं असू शकतात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आई चिडली. "माणसाच्या लेकराले बिस्किट भेटत नाई अन् हे बाई कुत्र्यायले भाजून घालून राह्यली. काऊन वं शोभा, तुया बापानं हेच शिकवलं काय?" काकू हसली फक्त. आईचं खरं तर काकूवर प्रेम होतं, पण ते ती रागावूनच दाखवायची. कुत्र्याला शिळी भाकर टाकणं आमच्याकडे रीतीचंच होतं, शेवटची भाकर त्याची. पण कुत्र्यासाठी म्हणून वेगळं पीठ मळायचं, लाटायचं, निगुतीनं भाजायचं, आणि वर ते एकेकाच्या तोंडात हातानं द्यायचं, हे आईच्या हिशोबात बसत नव्हतं. शेजारणींना काकू पुड्या करून द्यायची, "तुमच्या दारच्या कुत्र्याले घाला." त्या घ्यायच्या, आणि माझी खात्री आहे की निम्म्या पुड्या त्यांच्या घरची पोरंच खायची.

आता बाबांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं यायचं नाही, आलं तर डोक्यावर पदर, आणि बोलायचं तर मुळीच नाही. त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं. हे तिसरं माणूस बहुतेक वेळा मी असे. "तिले म्हण, चहा कमी गोड करा." "त्याइले म्हण, साखर कमीच टाकली हाय." दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना, आणि मी दारात उभी. आज माझी लेक आपल्या भासऱ्याला नावानं हाक मारते आणि त्याच्या ताटातली भजी उचलून खाते. मला ते आवडतं, पण त्या भिंतीआडच्या बोलण्यात जी एक अदब होती तीही मी विसरू शकत नाही.

आणि मग काळी मला चावली. मी सातवीत होते. काळीला पिल्लं झाली होती, मागच्या दारी ढेपेच्या पोत्यांमागे. मी एक पिल्लू उचललं, ते किंकाळलं, आणि काळीनं माझी पोटरी धरली. दुखलं त्यापेक्षा मला तिच्या आवाजाची जास्त भीती वाटली. बाबा दुकानातून धावत आले, मला खांद्यावर टाकलं आणि तशीच गाडी धरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्या काळात पोटात इंजेक्शनं देत, बेंबीच्या भोवती. मी रडायचे आणि बाबा दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले, "कुत्रीवर नजर ठेवा. ती धडधाकट राहिली तर भ्यायचं कारण नाही. मेली तर मात्र लगेच सांगा."

तेव्हापासून आई रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मागच्या दारी जाऊन काळी जिवंत आहे का ते पाहायची. "जित्ती हाय मरणाची," असं म्हणत परत यायची आणि मगच चूल पेटवायची. पुढे पुढे त्या वाक्याला शेपूट फुटायला लागलं. "जित्ती हाय. पण आज वाळून गेल्यावानी दिसते. तीन-तीन पोट्टे पेतात तिचं, होईन काय?" असं दिवसामागून दिवस चाललं. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली, माझी इंजेक्शनं संपली, आई मात्र मागच्या दारी जायची थांबली नाही.

बाबांच्या मनातून ते गेलं नव्हतं. ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांनी मांडलं की गावातल्या बेवारस कुत्र्यांना औषध घालायचं. औषध म्हणजे विष, भज्यात घालून. तेव्हा गावोगाव हे चालायचं, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. आता तसं करता येत नाही म्हणतात, फार बरं आहे. बाबा दुष्ट नव्हते हो. त्यांच्या डोळ्यासमोर माझी पोटरी होती. जेवताना ते म्हणाले, "माह्या पोरीचं मांस काढलं, अन् म्या पाहात बसू? उद्या आणखी कोणाचं लेकरू जाईन." भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात काकू भाकर थापत होती. तिचा हात थांबला, एवढं मला ऐकू आलं.

संक्रांतीचा सण जाऊ द्यायचा आणि मग सोमवारी सकाळी, असं ठरलं. कोतवाल डफडं वाजवत गल्लीतून गेला, "ऐका हो ऐका! सोमवारी कुत्र्यायले दवा घालणार हाय हो! ज्यायचे कुत्रे पाळलेले असतीन त्याइनं बांधून ठेवा हो! बेवारस कुत्र्याची जबाबदारी पंचायतीवर नाई हो!" काकू दाराआड उभी राहून ऐकत होती. मी तिच्याजवळच होते. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. ती पुटपुटली, "ज्यायचे पाळलेले असतीन त्याइनं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बेबी, जुन्या लुगड्यायचं बोचकं कुठं हाय वं?"

तिच्या मनात काय आहे ते मला त्या दिवशी कळलं नाही. ती भासऱ्यांना एक शब्द सांगू शकत नव्हती. काकांना सांगून पाहिलं असेल, पण काका मोठ्या भावापुढे मान वर करणारे नव्हते. ते नुसतं म्हणाले, "मले काई विचारू नको, मले काई माईत नाई," आणि दुकानात जाऊन बसले. एका परीनं ती परवानगीच होती. मग काकूनं पीठ मळायला घेतलं. किती मळलं ते विचारू नका, परातच्या परात. ओव्हन लावला की वीज जायची, तेव्हा आमच्याकडे विजेचा काही नेम नव्हता. वीज गेली की काकू चुलीवर घमेल्यात रेती तापवायची, तिच्यात ताटली ठेवून वर झाकण घालायची आणि झाकणावर निखारे. रेतीवर भाजलेल्या चकत्या जास्तच खमंग व्हायच्या. घरभर कोहळ्याचा आणि शेंगदाण्यांचा वास. बाबांनी भिंतीकडे पाहून विचारलं, "हे काय चालू हाय, विचार तिले." काकू म्हणाली, "त्याइले म्हण, संक्रांतीचं वाण हाय." खोटं काहीच नव्हतं त्यात.

लुगड्याच्या बोचक्यातून तिनं काठ फाडून काढले. लाल, जांभळा, चौकडीचा, रुईफुलाचा. प्रत्येक काठाचे दोन तुकडे. एक तुकडा कुत्र्याच्या गळ्यात आणि दुसरा बाजूला ठेवायचा. रोज दुपारी ती मागच्या बोळात उकिडवी बसायची, डाव्या हातानं बिस्किट द्यायची आणि उजव्या हातानं गळ्यात काठ बांधायची. मी दाराच्या उंबऱ्याच्या आत. बोळात पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती. कुत्रं दिसलं की पोटरीत कळ यायची, आणि पोटातसुद्धा. भुऱ्या झाला, टिप्या झाला, लंगडा तर स्वतःच मान पुढे करून बसला, मग बाकीचीही झाली. राहिली काळी. काकू मला म्हणाली, "हिच्या गळ्यात तू बांध." मी म्हटलं, "मी? मले तं तिनं चावलं ना!" "म्हणूनच म्हणून राह्यली. तू बांधलं तं गावाले काय बोलाले जागा राह्यते?" मी नाही नाही म्हणत होते. काकूनं जबरदस्ती केली नाही. ती तशीच बसून राहिली, हातात बिस्किट घेऊन, आणि काळीही तशीच बसून राहिली, बिस्किटाकडे पाहत.

मी आत गेले आणि माझा एक जुना फ्रॉक घेऊन आले, आखूड झालेला, आईनं घरीच शिवलेला, पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. का आणला ते मला आजही सांगता येणार नाही. लुगड्याच्या काठाऐवजी त्याच्या दोन पट्ट्या फाडल्या. मग उंबरा ओलांडला. तळहातावर बिस्किट ठेवलं. काळी उठली. ती जवळ आली, वास घेतला, आणि तिनं ते बिस्किट असं उचललं की माझ्या तळहाताला फक्त ओली ऊब कळली, दात कळलेच नाहीत. तेच तोंड होतं ते! त्याच तोंडानं माझी पोटरी धरली होती, आणि तेच तोंड एवढं हलकं होऊ शकतं? मी डोळे फाडून पाहत राहिले. ती कडकड चावत होती, कान मागे पाडून. त्यातली एक पट्टी मी तिच्या गळ्यात बांधली. गाठ सैल झाली, काकूनं घट्ट केली. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. आत्ता हे लिहितानाही माझा उजवा तळहात मी उघडून पाहिला.

रविवारी बाबा मालासाठी हिंगणघाटला गेले, मुक्कामानं. काकूनं त्याच संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलं. लग्नानंतरची तिची दुसरीच संक्रांत, त्यामुळे गल्लीतली एकूणएक सुवासीण आली. नव्या सुनेचं वाण कोणी चुकवत नसे. अंगणात सतरंज्या, सुगडांत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. त्या दिवसांत वाण म्हणजे प्लॅस्टिकची वाटी, चहाची गाळणी, टिकल्यांचं पाकीट. नागपूरवाली काय लुटते याची सगळ्यांना उत्सुकता होती. काकूनं एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि पदराचं टोक लावून वर्तमानपत्राचा एकेक पुडा ओटीत घातला. प्रत्येक पुडा काठाच्या चिंधीनं बांधलेला. बाया खूश झाल्या. पुड्यातून वासच तसा येत होता.

दमयंतामावशीला दम कुठला? तिनं तिथेच पुडा सोडला, चकती काढली आणि कडाडकन तोडली. चावत राहिली. सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. "शोभा," ती म्हणाली, "कडक बरी झाली वं. पण मीठ बी नाई अन् साखर बी नाई. दोन्ही विसरली काय?"

"मावशी, ते तुमच्यासाठी नाई," काकू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता पण फुटला नव्हता. "ते भुऱ्यासाठी हाय. तुमच्या पुड्याले जो काठ हाय, तोच म्या भुऱ्याच्या गळ्यात बांधला हाय. उद्या बेवारस कुत्रे मारणार हायेत. ज्याले घर हाय त्याले नाई मारणार. म्हणून म्या वाणात तुम्हाले भुऱ्या देल्ला."

मागच्या बोळातलं पिल्लांचं कुईकुई अंगणात ऐकू आलं. मावशीच्या तोंडात अजून घास होता. तो तिनं गिळला.

"म्हणजे तू मले कुत्रं देल्लं? वाणात?"

"हो."

"अन् म्या घेतलं?"

"पदरात घेतलं, मावशी."

दमयंतामावशीला कुत्री आवडत नसत. अंगणात कुत्रं आलं की ती खराटा फेकून मारायची. पण घेतलेलं वाण परत करायचं नसतं, टाकायचं नसतं, आणि गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेला हे शिकवलं होतं ते तिनंच. आता ती त्या शिकवणीत आपणच अडकली होती, आणि तिला ते कळत होतं. तिचे गाल हलत होते. मला वाटलं, आता स्फोट होणार. मग ती एकदम बाकीच्या बायांवर ओरडली, "पाहून काय राह्यल्या वं? पुडे पाहा आपापले! कोणाले कोन्ता काठ हाय? घेतलं ते घेतलं. वाण वापस करून कोणाले पाप लावून घ्याचं हाय काय?" आणि जी धमाल उडाली म्हणता! "माया जांभळा हाय, जांभळा कोण?" "जांभळा टिप्या." "अवं, मले लंगडा आला, माया नवरा म्हणन घरात एक लंगडा हाय तो पुरे नाई काय!" त्या बाईच्या नवऱ्याचा पाय नुकताच मोडला होता. हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूच्याही आलं, पण तिचं वेगळं होतं.

ताटात एकच पुडा उरला. पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्टीचा. हसणं हळूहळू विरलं. तो पुडा कोणाचा ते सांगायला नको होतं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काळीला घरात घ्यायचं म्हणजे पंचायतीच्या सदस्याशी वैर घ्यायचं, आणि कोणाच्या ना कोणाच्या घरी तान्हं मूल होतंच. काकूनं कोणालाही तो पुढे केला नाही. ती ताट धरून नुसती उभी होती. आई मघापासून स्वयंपाकघराच्या दारात होती, दुधाचं पातेलं धरून. घरच्या बाईचं हळदीकुंकू शेवटी होतं म्हणून ती थांबली होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि अंगणात आली. पुड्यावरची पट्टी बोटांत धरून पाहिली. तो कपडा तिनं स्वतः बेतला होता, स्वतः शिवला होता.

"हे कोणं बांधलं काळीच्या गळ्यात?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पदर पसरला, पण काकू पुडा घालणार तोच हात आडवा धरला. "आधी कुंकू लाव वं," ती म्हणाली. "बिनकुंकवाचं वाण घेत असते काय कोणी?"

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं बाबा उतरले आणि तसेच पंचायतीत गेले. तिथे विष घालायला बाहेरगावाहून बोलावलेला माणूस पिशवी घेऊन आलेला होता. दोघं गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मी आमच्या ओसरीत होते. पहिल्याच ओट्यावर दमयंतामावशी बसली होती. भुऱ्या बाजेच्या पायाला बांधलेला, परकराच्या नाडीनं. "हा माहा हाय," माणसानं काही विचारायच्या आधीच ती बोलली. "अन् ते पिशवी तिकडंच ठेव. माया कुत्र्याले वास घ्याची खोड हाय." पुढच्या घरी टिप्या, बैलाच्या दाव्याला. त्याच्या पुढे लंगडा, खाटेखाली. दाराशी बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. बाबा एकेक घर पाहत येत होते. त्यांच्या कपाळावरची आठी आधी रागाची होती, मग ती गोंधळाची झाली.

आमच्या ओसरीच्या खांबाला काळी होती. पिल्लं घमेल्यात, तिच्या पोटाशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. आई चुलीपाशी चहा गाळत होती, आणि काकू मधल्या दाराआड, डोक्यावर पदर घेऊन. तो माणूस म्हणाला, "साहेब, हे तं बेवारसच दिसते. गळ्यात पट्टा नाई, नुसती चिंधी हाय." त्यानं पिशवीत हात घातला. मी काळीच्या गळ्यात हात टाकला.

बाबांनी चिंधी पाहिली. माझा हात पाहिला. परकराखालून माझी पोटरी दिसत होती, तिच्यावरचे वण अजून लालच होते, तेही पाहिले. काळीनं मान वर करून त्यांचा वास घेतला आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटली. मग त्यांनी तोंड वळवलं, दाराकडे नाही, दाराशेजारच्या भिंतीकडे, आणि घसा खाकरला.

"बेबी, तिले म्हण," ते भिंतीला म्हणाले, "घरच्या कुत्र्याले चिंधी बांधत नसतात. दुकानात पट्टा हाय, तो घेऊन जा म्हण."

दाराआडून काकूचा ओला आवाज आला. "बेबी, त्याइले म्हण, एका पट्ट्यानं भागत नाई. पिल्लं तीन हायेत."